एआय व्हिडिओ टाकताय? मग लेबल तुम्हीच लावा

एआयने पहिला व्हिडिओ तयार केला की नवख्या माणसाला दोन प्रश्न पडतात. एक, तो टाकायचा कुठे आणि कसा. दुसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो: ‘एआय’चं लेबल न लागता टाकता येईल का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. कधी कधी येतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या सोरा या साधनाने बनवलेला एक व्हिडिओ, त्याच्या फाइलमधली ओळखीची माहिती शाबूत ठेवून, आठ प्लॅटफॉर्मवर टाकून पाहिला. त्यातल्या फक्त यूट्यूबने तो एआयचा असल्याचं सांगितलं, आणि तेसुद्धा डिस्क्रिप्शनमध्ये दडवून. म्हणजे ओळखण्याच्या यंत्रणेला आजही मोठी भोकं आहेत. तरी त्या भोकांतून निसटायच्या मागे लागू नका, असंच मी सांगेन. प्लॅटफॉर्मचा नियम यंत्राने पकडण्याबद्दल नाही, व्हिडिओ एआयचा आहे हे तुम्ही सांगण्याबद्दल आहे. यंत्राच्या नजरेतून सुटलात तरी सांगण्याची जबाबदारी सुटत नाही. आणि व्हिडिओ एकदा टाकला की तिथेच राहतो. आज न दिसलेली खूण उद्याच्या तपासणीत दिसू शकते, तेव्हा ‘हा लपवत होता’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

लेबल लागलं की रीच मरतो, ही भीती सगळीकडे ऐकू येते. यूट्यूब आणि टिकटॉक दोघांनीही लेखी सांगितलंय की नुसतं लेबल लावल्याने व्हिडिओ कमी लोकांपर्यंत पोचवला जात नाही. यूट्यूबवर कमाईची पात्रताही त्यामुळे जात नाही. अर्थात, प्लॅटफॉर्म दाबत नसला तरी प्रेक्षक पुढे सरकू शकतो. एआय व्हिडिओ कमी दिसावेत अशी सोय प्रेक्षकांना देत असल्याचं टिकटॉकने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, म्हणजे कंटाळलेले लोक आहेतच. पण ते कंटाळलेत एकसारख्या, घाईघाईत पाडलेल्या व्हिडिओंना. त्यावर लेबल लपवणं हा उपाय नव्हे.

प्लॅटफॉर्मला कळतं कसं

हे एकदा नीट समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली वाट मेटाडेटाची. फाइलमध्ये चित्र आणि आवाजाशिवाय आणखी माहिती लिहिलेली असते. ॲडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये मिळून सी२पीए नावाची संस्था काढली. तिने ठरवलेल्या पद्धतीत फाइल कोणत्या साधनाने बनवली, नंतर तिच्यात काय बदललं, याची नोंद फाइलमध्येच ठेवली जाते आणि त्या नोंदीवर डिजिटल सही असते. ‘कन्टेंट क्रेडेन्शियल्स’ म्हणतात ते हेच. नोंदीत मागाहून कुणी खाडाखोड केली तर सही जुळत नाही आणि ते उघडं पडतं. या पद्धतीचा कमकुवतपणा वेगळाच आहे: ही माहिती डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी आहे, सोलली की गेली. स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, मेसेजिंग ॲपवरून पाठवून परत उतरवून घेतला, किंवा जुन्या एडिटरमधून एक्सपोर्ट केला की ती बहुधा उरतच नाही. पुष्कळदा प्लॅटफॉर्म स्वतःच व्हिडिओ दाबून लहान करताना ती टाकून देतो.

दुसरी वाट अदृश्य वॉटरमार्कची. गूगल डीपमाइंडचं सिंथआयडी ऑगस्ट २०२३ मध्ये चित्रांसाठी आलं आणि २०२४ मध्ये व्हिडिओसाठीही. यात खूण फाइलच्या कडेला नसते, प्रत्येक फ्रेमच्या पिक्सेलमध्येच पेरलेली असते. डोळ्यांना दिसत नाही. व्हिडिओ कापला, फिल्टर लावला, फ्रेम रेट बदलला, दाबून लहान केला, तरी ती टिकावी अशी तिची रचना आहे. गूगलच्याच व्हिओ या साधनाने केलेल्या व्हिडिओत ती असते, तुम्हाला हवी असो वा नसो. पण एका कंपनीची खूण दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येतेच असं नाही. ‘माझा व्हिडिओ अमुक ठिकाणी पकडला, तमुक ठिकाणी नाही’ या तक्रारीमागचं एक मोठं कारण हे.

तिसरी वाट अंदाजाची. खरे आणि बनावट असे असंख्य व्हिडिओ दाखवून शिकवलेलं मॉडेल चित्राचा पोत, हालचाल, ओठ आणि आवाजाचा मेळ बघतं आणि किती शक्यता आहे तेवढं सांगतं. हे यंत्र दोन्हीकडे चुकतं. दाट फिल्टर मारलेला खरा व्हिडिओ त्याला खोटा वाटू शकतो आणि सफाईने केलेला खोटा खरा.

उरलेली वाट माणसांची. बघणारे रिपोर्ट करतात, कमेंटमध्ये ‘एआय आहे’ म्हणून ओरडतात, आणि ज्याचा चेहरा वापरला तो तक्रार करतो. यंत्रांपेक्षा याच वाटेने जास्त लोक अडचणीत येतात, असं माझं मत आहे.

पायरी पहिली: लेबल लागतं का, हे बनवण्याआधी ठरवा

व्हिडिओ तयार झाल्यावर हा विचार करणाऱ्याला ‘नाही लागत’ असंच उत्तर हवं असतं. म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहिण्याआधी ठरवा.

यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये यासाठी तीन प्रश्न पुढे ठेवले, आणि दुसऱ्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर सुरुवात करायला ते चांगले आहेत. खऱ्या माणसाने जे म्हटलं नाही वा केलं नाही ते त्याने केल्यासारखं दिसतंय का? खऱ्या घटनेचं किंवा खऱ्या जागेचं चित्रण बदललंय का? जे घडलंच नाही असं दृश्य खरं वाटावं असं बनवलंय का? तिन्हींपैकी एकालाही ‘हो’ आलं तर लेबल लावायचं. खऱ्या शहराच्या दिशेने येणारी वावटळ हे यूट्यूबने स्वतः दिलेलं उदाहरण आहे. तीत कुठलाही माणूस नाही, कुणाची बदनामी नाही, तरी लेबल हवं, कारण बघणारा घाबरून पळू शकतो.

लेबल कधी लागत नाही? स्क्रिप्टचा कच्चा मसुदा एआयकडून घेतला, सबटायटल त्याच्याकडून करून घेतली, रंग सुधारले, चेहऱ्याला ब्यूटी फिल्टर लावला, किंवा कुणालाही खरं वाटणार नाही असं ॲनिमेशन केलं, तर यूट्यूब ते सांगायला लावत नाही. ड्रॅगनवर बसून ढगांतून जाणारी मुलगी पाहून कुणी बातमी शोधायला जात नाही.

मेटाचा, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामचा, नियम थोडक्यात असा: छायाचित्रासारखा दिसणारा व्हिडिओ किंवा खरा वाटणारा आवाज डिजिटल साधनाने बनवला वा बदलला असेल तर सांगा, नाहीतर कारवाई होऊ शकते. शब्द निराळे, कसोटी तीच.

मधल्या जागा मात्र अवघड असतात. खऱ्या मुलाखतीत दोन सेकंदांची एआयने केलेली पार्श्वभूमी घातली तर? जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रफितीत रंग भरले आणि हरवलेल्या फ्रेम यंत्राने भरून काढल्या तर? माझी कसोटी साधी आहे: उद्या बघणाऱ्याला हे कळलं तर त्याला फसल्यासारखं वाटेल का? पार्श्वभूमी नुसती धूसर भिंत असेल तर नाही. ती भिंत जाऊन तिथे गर्दी दाखवली असेल तर नक्की वाटेल. जुन्या चित्रफितीच्या बाबतीत मी लेबल लावतोच, कारण इतिहास म्हणून बघणारा माणूस प्रत्येक तपशील खरा धरतो. शंका आली की लेबलच्या बाजूने झुका.

पायरी दुसरी: चेहरा आणि आवाज कुणाचा?

नवखे इथे सगळ्यात जास्त अडकतात, कारण ‘लेबल लावलं की काहीही चालतं’ असा समज आहे. लेबल म्हणजे परवानगी नव्हे. टिकटॉकवर अल्पवयीन मुलांचं आणि खासगी व्यक्तीचं तिच्या संमतीशिवाय बनवलेलं खरंखुरं दिसणारं रूप चालतच नाही, लेबल असो वा नसो. खरी वाटणारी बनावट बातमी किंवा आपत्तीचं बनावट दृश्य यालाही तिथे मज्जाव आहे. कुणाचंही लैंगिक डीपफेक, म्हणजे खऱ्या माणसाचं एआयने बनवलेलं बनावट रूप, कुठल्याच मोठ्या प्लॅटफॉर्मवर चालत नाही, आणि बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

प्रसिद्ध माणसाचा चेहरा असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. जून २०२४ पासून यूट्यूबवर कुणीही ‘हा माझ्या चेहऱ्याचा किंवा आवाजाचा एआय नमुना आहे’ म्हणून गोपनीयतेच्या वाटेने तक्रार करू शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून तर पार्टनर प्रोग्रॅममधल्या, म्हणजे यूट्यूबच्या कमाईच्या योजनेतल्या, क्रिएटरांना त्यांचा चेहरा इतर व्हिडिओंत शोधून देणारं साधनही मिळू लागलं. म्हणजे ‘इतक्या लोकांत त्यांना कुठे कळणार’ हा भरवसा आता राहिलेला नाही.

मित्राचा चेहरा वापरणार असाल तर विचारा, आणि उत्तर लेखी ठेवा. साधा मेसेज पुरतो: कोणता व्हिडिओ, काय बोलताना दाखवणार, कुठे टाकणार. ‘अरे कर रे’ असं बोलण्याच्या ओघात म्हणणं आणि स्वतःचा चेहरा हजारो लोकांसमोर न बोललेलं बोलताना बघणं, यात फार अंतर आहे. आवाजाचं क्लोनिंगही यातच आलं. व्हॉइसओव्हरसाठी दुसऱ्याचा आवाज उचलला तर पडद्यावर कोण दिसतं याला महत्त्व उरत नाही. मृत व्यक्तींबाबत कायदा देशोदेशी वेगळा आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, एवढं मी सांगेन.

पायरी तिसरी: मूळ फाइल जपा, खुणा पुसू नका

टूलमधून निघालेली पहिली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा. सोबत प्रॉम्प्ट, तारीख आणि टूलचं नाव लिहून ठेवा. खरं चित्रण मिसळलं असेल तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइलही तिथेच ठेवा. पुढे वाद झाला तर हातात दाखवायला काहीतरी असतं, आणि सहा महिन्यांनी कुठला भाग खरा होता हे तुम्हालाच आठवत नसतं.

आता दृश्य वॉटरमार्कबद्दल. सोराचं दुसरं रूप सप्टेंबर २०२५ मध्ये आलं तेव्हा त्याच्या व्हिडिओंवर इकडून तिकडे सरकणारा वॉटरमार्क होता. काही दिवसांतच तो पुसून देणारी संकेतस्थळं निघाली. अशा ठिकाणी फाइल चढवणं तीन कारणांनी टाळा. एक, तुमची फाइल अनोळखी माणसाच्या हाती जाते. दोन, पुसलेल्या जागी राहिलेला धुरकट डाग कमेंटमधल्या पहिल्याच माणसाला दिसतो. तीन, आणि हे महत्त्वाचं, लेबल लावायला विसरणं आणि खूण मुद्दाम पुसणं या दोन कृत्यांकडे कुणीच एका नजरेने बघत नाही. पहिल्यात चूक म्हणून सुटता येतं, दुसऱ्यात हेतू दिसतो. वॉटरमार्क डोळ्यांना खुपत असेल तर रचना करतानाच त्या कोपऱ्यासाठी जागा सोडा, किंवा ज्या टूलच्या सशुल्क योजनेत दृश्य वॉटरमार्क अधिकृतपणे नसतो ते वापरा. अदृश्य खूण तिथेही राहते, आणि राहू द्या.

एडिटिंगमध्ये उलट बाजूचीही काळजी घ्यावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात मेटाने ‘मेड विथ एआय’ असं लेबल लावायला सुरुवात केली आणि छायाचित्रकार भडकले. कॅमेऱ्याने काढलेल्या खऱ्या फोटोतून एखादा ठिपका एआयवर चालणाऱ्या साधनाने पुसला, तरी एडिटरने तशी नोंद मेटाडेटात केली होती आणि मेटाच्या यंत्राने ती वाचून अख्ख्या फोटोवर शिक्का मारला. जुलैमध्ये मेटाला ते लेबल बदलून ‘एआय इन्फो’ करावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये नुसत्या एडिट केलेल्या गोष्टींसाठी ते मेनूच्या आत सरकवलं. तुम्ही खऱ्या चित्रणावर काम करत असाल तर यातून घ्यायचं ते हे: कुठलं बटण एआयवर चालतं हे दाबण्याआधी बघा. जे काम साध्या क्लोन ब्रशने होतं त्याला जनरेटिव्ह साधन कशाला?

पायरी चौथी: अपलोड करताना

यूट्यूबवर संगणकावरून स्टुडिओ उघडा, व्हिडिओ चढवा, तपशिलाच्या पानावर खाली ‘शो मोअर’ दाबा. तिथे ‘आल्टर्ड कन्टेंट’ नावाचा भाग आहे, त्यात वर सांगितलेले तीन प्रश्न आणि हो किंवा नाही. ‘हो’ निवडलं की लेबल डिस्क्रिप्शनमध्ये येतं. विषय आरोग्य, बातम्या, निवडणुका किंवा पैशांचा असेल तर ते थेट व्हिडिओवर ठळक दिसतं. यूट्यूबच्या स्वतःच्या एआय साधनांनी केलेल्या शॉर्ट्सवर लेबल आपोआप लागतं.

मुद्दाम ‘नाही’ निवडलं आणि व्हिडिओ दिशाभूल करणारा निघाला तर यूट्यूब स्वतः लेबल लावू शकतं, आणि ते तुम्हाला काढता येत नाही. वारंवार असं केलं तर व्हिडिओ काढणं, पार्टनर प्रोग्रॅममधून बाहेर करणं इथपर्यंत प्रकरण जातं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर शेअर करण्याच्या शेवटच्या पडद्यावर एआय लेबलचा टॉगल असतो. समोर दिसला नाही तर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये शोधा. इथे तो हाताने लावणं जास्त गरजेचं आहे. मेटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लेबलांची घोषणा केली तेव्हाच सांगून टाकलं होतं की चित्रांतल्या खुणा जशा वाचता येतात तशा व्हिडिओ आणि आवाजाच्या अजून येत नाहीत, म्हणून क्रिएटरांनीच कळवावं.

टिकटॉक वापरता येत असलेल्या देशात असाल तर पोस्टच्या पडद्यावर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये एआयचा टॉगल आहे. सी२पीएची नोंद वाचून आपोआप लेबल लावणारा तो पहिला व्हिडिओ प्लॅटफॉर्म, मे २०२४ पासून. तुम्ही लावलेलं लेबल आणि टिकटॉकने लावलेलं लेबल यांची भाषा वेगळी असते: पहिल्यात ‘क्रिएटरने सांगितलं’ असं दिसतं. बघणाऱ्याला हा फरक कळतो. स्वतःहून सांगणारा आणि पकडला गेलेला एकाच रांगेत बसत नाहीत.

बटणांच्या जागा दर काही महिन्यांनी हलतात. सापडत नसेल तर ॲपच्या मदत विभागात ‘एआय’ टाकून शोधा. कुठल्या तरी जुन्या व्हिडिओत दाखवलेला रस्ता धरून बसू नका.

पायरी पाचवी: कॅप्शनमध्ये आपल्या शब्दांत सांगा

प्लॅटफॉर्मचं लेबल मुकं असतं. ‘एआय आहे’ एवढंच ते सांगतं, किती आणि कशात ते सांगत नाही. ती जागा कॅप्शनची. ‘दृश्यं एआयची, आवाज आणि लेखन माझं’ ही एक ओळ तुमचं श्रेय राखते आणि बघणाऱ्याचा संशयही फेडते. ‘घटना खरी, चित्रण एआयने पुन्हा उभं केलेलं’ ही दुसरी. ही ओळ पहिल्या दोन ओळींत हवी. हॅशटॅगच्या ढिगाखाली पुरलेला खुलासा हा खुलासा नव्हेच.

थंबनेल आणि शीर्षकाशीही प्रामाणिक राहा. आत लेबल आहे म्हणून बाहेर ‘धक्कादायक! कॅमेऱ्यात कैद’ लिहिणं म्हणजे एका हाताने सांगून दुसऱ्या हाताने फसवणं.

मग कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच, ‘हे खरं आहे का?’ स्पष्ट उत्तर द्या आणि ती कमेंट वर पिन करा.

चुकीचं लेबल लागलं तर

हाताने काढलेलं, कॅमेऱ्याने टिपलेलं, आणि तरी शिक्का बसला, असं घडतं. घाईघाईने व्हिडिओ काढून परत टाकू नका; व्ह्यूज जातात आणि तीच फाइल असेल तर शिक्का पुन्हा बसतो. आधी कारण शोधा. कन्टेंट क्रेडेन्शियल्स वाचून दाखवणाऱ्या सार्वजनिक साधनात एक्सपोर्ट केलेली फाइल टाकून बघा, आत एआयची नोंद सापडली तर कुठल्या टप्प्यावर ती शिरली ते कळेल. नोंद खरी असेल, म्हणजे लहानसा का होईना भाग एआयने केला असेल, तर लेबलशी भांडण्यात अर्थ नाही. कॅप्शनमध्ये नेमकं सांगा. नोंद नसेल तर तो मॉडेलचा अंदाज असणार. मग ॲपमध्ये हरकत नोंदवायची सोय असेल तिथे जा, मूळ फाइल आणि चित्रीकरणाचे कच्चे तुकडे हाताशी ठेवा.

याची उलटी सोयही आहे, फारशी माहीत नसलेली. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब ‘कॅमेऱ्याने टिपलेलं’ असं लेबल दाखवतं. त्यासाठी कॅमेरा किंवा ॲप सी२पीएची नोंद ठेवणारं हवं आणि वाटेत ती नोंद तुटता कामा नये. आज फार थोड्यांना ते मिळतं. पण खरं चित्रण हाच तुमचा धंदा असेल तर पुढचा कॅमेरा घेताना ही सोय आहे का, ते विचारा.

कमाई आणि कायदा

लेबलमुळे कमाई जात नाही हे वर आलंच. ती जाते दुसऱ्या कारणाने. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने एकाच साच्यातून घाऊक पाडलेल्या व्हिडिओंविषयीच्या नियमाला ‘इनऑथेंटिक कन्टेंट’ असं नाव दिलं. एआय वापरलं म्हणून हा नियम लागत नाही; रोज तोच साचा, तोच आवाज, फक्त विषय बदललेला, अशाला लागतो. चॅनल कमाईसाठी चालवायचं असेल तर लेबलपेक्षा याची चिंता करा. पैसे देऊन प्रचार करणार असाल, विशेषतः राजकीय, तर जाहिरातींचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते वेगळे वाचा.

कायदा आता प्लॅटफॉर्मच्या मागे लागलाय. चीनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून दिसणारी आणि फाइलमधली अशा दोन्ही खुणा सक्तीच्या झाल्या. युरोपीय संघाच्या एआय कायद्याच्या ५० व्या कलमात डीपफेक जाहीर करण्याचं बंधन आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाली: कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्र, आवाज आणि व्हिडिओंवर ठळक लेबल हवं, मोठ्या प्लॅटफॉर्मनी अपलोड करणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं आणि ते तपासायचं, आणि एकदा लावलेलं लेबल काढू द्यायचं नाही. रंग सुधारण्यासारखं नेहमीचं प्रामाणिक एडिटिंग त्यातून वगळलंय. अपलोडच्या वेळी येणारा तो हो-नाहीचा प्रश्न म्हणजे तुमचं निवेदनच आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर द्या.

व्हिडिओ बाहेर गेल्यावर

सगळं नीट केलंत, टॉगल लावला, कॅप्शन लिहिलं. मग कुणीतरी व्हिडिओ डाउनलोड करून ग्रुपवर टाकतो. कॅप्शन गेलं, प्लॅटफॉर्मचं लेबल गेलं, मेटाडेटाही गेला. उरलं ते फक्त चित्र. आपत्ती, आजार, निवडणूक, दंगल यांच्या जवळपास जाणाऱ्या व्हिडिओत म्हणूनच ‘एआयने तयार केलेलं दृश्य’ हे शब्द चित्रातच बसवा. शेवटच्या फ्रेमवर नको, तिथवर कुणी पोचत नाही. पहिल्या सेकंदापासून, सगळ्या दृश्यांवर, वाचता येईल एवढ्या आकारात. अगदी कडेला ठेवलेली ओळ उभ्या-आडव्या काटछाटीत पहिली जाते, म्हणून ती कडेपासून आत घ्या. अक्षरांमागे हलकी पट्टी द्या, म्हणजे उजळ दृश्यातही ती वाचता येईल. आणि हे करताना दृश्य बिघडतंय असं वाटलं, तर ते दृश्य ओळीशिवाय फिरू लागलं तर काय होईल, याचा विचार टाकण्याआधीच करा.